स्विस बँकेतलं विसरलेलं खातं शोधायचं कसं

घरातलं कुणी म्हातारं माणूस स्विस बँकेत पैसे ठेवून गेलंय अशी कुजबुज असेल तर आधी एक खूळ डोक्यातून काढा, नुसता गुप्त नंबर दाखवला की पैसे हातात, असं काही नसतं. नंबरवाली खाती असतात, पण त्यात काउंटरवरच्या माणसाला नाव दिसत नाही एवढंच, बँकेतल्या मोजक्या लोकांना ते माहीत असतंच. १९३४ च्या बँकिंग कायद्यातलं ते गाजलेलं कलम ४७ सुद्धा माहिती फोडणाऱ्याला शिक्षा करतं, खातेदार बिननावाचा होत नाही त्याने.

तर सुरुवात डॉर्मंटअकाउंट्स डॉट सीएच या साइटवरून करा, स्विस बँकर्स असोसिएशनने डिसेंबर २०१५ ला सुरू केलेली, वर्षानुवर्षं बेवारस पडून असलेल्या खात्यांच्या मालकांची नावं तिथे छापतात, सर्च फुकट. गुप्ततेसाठी बदनाम देशात खातेदारांची नावं अशी उघड्यावर बघून गंमत वाटते ना? पण महायुद्धात मारल्या गेलेल्या ज्यूंचे वारस बँकेत गेले तर त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला मागायचे, आता छळछावणीत मेलेल्याचा दाखला कोण देणार, शेवटी १९९८ ला अमेरिकेतल्या केसमध्ये दोन मोठ्या बँकांना १२५ कोटी डॉलर कबूल करावे लागले, तेव्हा कुठे या बेवारस पैशांकडे नीट लक्ष गेलं.

नाव टाकताना स्पेलिंग बदलून बदलून बघा. जुन्या क्लार्कने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असू शकतं, बाईचं माहेरचं नावही टाका. नाव जुळलं की जन्मतारीख, शेवटचा पत्ता वगैरे जे काही दिलंय ते ताडून बघा, मग तिथूनच क्लेम भरा, तो त्या बँकेकडे जातो आणि वारस असल्याची कागदपत्रं तीच तपासते. नाव छापल्यापासून साधारण एक वर्ष मिळतं हां, नंतर पैसे स्विस सरकारच्या खिशात.

नाव सापडलं नाही म्हणजे खातं नाहीच असं समजू नका. यादीत यायला ग्राहकाशी संपर्क तुटून ६० वर्षं व्हावी लागतात आणि रक्कम ५०० फ्रँकच्या वर लागते. त्याहून अलीकडचं असेल तर झुरिकच्या बँकिंग ओम्बड्समनकडे (बँक आणि ग्राहक यांच्यातला तटस्थ मध्यस्थ) वारस म्हणून अर्ज करायचा.

आणि "तुमच्या नावे स्विस खातं निघालंय, आधी फी पाठवा" असा मेल आला तर सरळ डिलीट.