ड्रायव्हर टाकायच्या आधी जवळ काय काय पाहिजे

येत्या रविवारी मावसभावाच्या पीसीत लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून एनव्हिडियाचा ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चढवायचाय. दादा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची डिझाइनं करतो, आता ब्लेंडर (थ्रीडी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) शिकायचं डोक्यात घेतलंय. मागं माझ्या स्वतःच्या मशीनला अख्खी रात्र घालवली होती, त्यात जे जे राहून गेलं ते धरून ही यादी काढलीय, कुणाला लागली तर घ्या.

पहिलं म्हणजे ग्राफिक्स कार्ड नेमकं कुठलं ते बघा, आणि बिलावर नाही, मशीनमधी बघा, सिस्टीम इन्फर्मेशन उघडलं की ग्राफिक्सच्या खाली नाव येतं. एएमडी किंवा इंटेल निघालं तर पुढचं बरंचसं सोडून द्या, त्यांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधी (सिस्टीमचा गाभा) आणि मेसा नावाच्या ग्राफिक्स लायब्ररीमधीच असतो, अपडेट मारा आणि चहा प्या. एनव्हिडिया असलं तर मॉडेल नंबर कागदावर लिहा, कारण सगळं त्याच्यावरच आहे. १६ सिरीज आणि त्याच्या पुढच्या कार्डांना नावात 'ओपन' असलेला ड्रायव्हर चालतो, ५० सिरीजला तर तोच लागतो. दादाचं १०५० टीआय आहे, त्याला ओपन चालतच नाही, साधाच घ्यायचा आणि तोबी जास्तीत जास्त ५८० नंबरच्या ड्रायव्हरपर्यंतचा, त्याच्या पुढच्यात १० सिरीज काढून टाकलीय. जीटी ७१० वाले तर ४७० वरच थांबलेत, त्यांना माझं म्हणणं असं की नुसतं यूट्यूब आणि हिशोबाच्या शीट बघायच्या असतील तर आधीपासून असलेला, लिनक्सबरोबरच येणारा नुवो ड्रायव्हरच राहू द्या, उगाच हात लावू नका.

आता केबल. हसू नका. मी अडीच तास ड्रायव्हर काढतोय टाकतोय, काढतोय टाकतोय, आणि मॉनिटरची एचडीएमआय होती मदरबोर्डला, वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी. कार्डचं पोर्ट खाली आडवं असतं, त्याच्यावरची काळी टोपीसुद्धा मी काढलेली नव्हती. त्यामुळं आधी टेबल पुढं ओढा आणि मागं टॉर्च मारून बघा.

मग टाइमशिफ्टनं (मिंटमधलं बॅकअपचं सॉफ्टवेअर) स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर मागं जाता येतं. पण तो सिस्टीमचा असतो, तुमच्या फायली त्यात धरत नाही, म्हणून डिझाइनचं फोल्डर वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचंच.

नेट लागतं, काही शे एमबी उतरतात. वायफाय उठत नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच लागतं. लाइटचं मात्र बघून घ्या, इन्व्हर्टर नसेल तर दुपारच्या उन्हात हे काम काढूच नका, ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) बनत असताना लाइट गेली की पॅकेज अर्धवट लटकतं आणि मग रिकव्हरी मोडमधी जाऊन दुरुस्त करत बसा. आमच्याकडं पाणी आलेल्या दिवशी मोटर लावली की व्होल्टेजबी पडतंय, म्हणून दादाला सांगितलंय की टाकी भरून मोटर बंद केल्यावरच फोन कर.

सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर मशीन चालू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात, तो साधा ठेवा आणि लिहून ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते, दहा सेकंद मोजते, त्यात कुठलंबी बटण दाबून 'एनरोल एमओके' (Enroll MOK) घ्यायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. तेवढ्यात तुम्ही पाणी प्यायला उठलात की गेलं, मशीन चालू होते पण ड्रायव्हर लोडच होत नाही आणि माणूस म्हणतो कार्ड खराब आहे.

ड्रायव्हर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्या. कंपनीच्या साइटवरून डॉट रन (.run) फाइल आणून चढवायचा मोह होतो, मलाबी झाला होता, पण पुढं कर्नल अपडेट झाला की काळी स्क्रीन तुमच्या वाट्याला. मॅनेजरमधून घेतला तर नव्या कर्नलबरोबर त्याचंबी जमवून घेतलं जातं.

काळी स्क्रीन आलीच तर काय करायचं ते मोबाइलमधी नको, कागदावरच पाहिजे, मोबाइल नेमका टेदरिंगला गुंतलेला असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टर्मिनल मिळतंय का बघा. पेनड्राइव्हवरून चालू करतानाच स्क्रीन काळी होत असेल तर ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूत ई दाबून 'लिनक्स'नं (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) टाइप करा, सगळी अक्षरं जोडून, आणि एफ१० दाबा. हे त्या एका वेळेपुरतंच टिकतं.

सगळं झाल्यावर टर्मिनलात एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) मारा, कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरचा नंबर असलेला चौकोन आला की जमलं. सिस्टीम इन्फर्मेशनमधी एलएलव्हीएमपाइप (llvmpipe) दिसलं तर मात्र चित्रं अजून प्रोसेसरच काढतोय, परत निळ्या स्क्रीनपासून तपासा. केबल तेवढी दादाला आत्ताच फोटो काढून पाठवायला सांगितलीय.