टीशर्टवर आपलं डिझाइन विकायचंय? आधी हे वाचा

मला दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं की तू ते टीशर्टचं काय करतेस ते आम्हालाही सांग, घरबसल्या पैसे येतात म्हणे. येतात, पण पगार सोडून देण्याइतके नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी नोकरी चालू आहे, हे रात्री जेवणं झाल्यावरचं काम.

प्रकार सोपा आहे. तुम्ही चित्र नाहीतर अक्षरं बनवून साइटवर टाकायची, गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली की मगच तो एक शर्ट छापला जातो आणि थेट त्याच्या घरी जातो. तुमच्या घरी गठ्ठे नाहीत, आधी पैसे अडकवणं नाही. याला प्रिंट ऑन डिमांड म्हणतात.

साइट दोन जातीच्या. एक बाजारासारख्या, म्हणजे रेडबबल (मेलबर्नची, २००६ पासूनची) किंवा ॲमेझॉनचं मर्च. इथे गिऱ्हाईक त्यांचं, छपाई त्यांची, तुम्हाला फक्त वाटा. रेडबबलवर मार्जिन, म्हणजे मूळ किमतीवर चढवलेला तुमचा वाटा, आधीपासून २० टक्के लावलेलं असतं, ते बदलता येतं, पण २०२३ पासून ते बऱ्याच खात्यांच्या कमाईतून फीसुद्धा कापतात. मर्चला अर्ज करून वाट बघत बसावं लागतं आणि सुरुवातीला १०च डिझाइनं टाकता येतात. दुसरी जात म्हणजे तिरुपूरचं क्विकिंक, चेन्नईचं प्रिंटरोव्ह असले, हे फक्त छापून पाठवणारे, दुकान आणि गिऱ्हाईक तुम्ही आणायचं. मराठी डिझाइन विकायचं असेल तर माझ्या मते दुसरीच जात बरी, कारण मराठी वाचणारं गिऱ्हाईक तुमच्या व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टावर आहे, मेलबर्नच्या साइटवर ते शोधत येत नाही.

आता काय बनवायचं. "मी मराठी", "जय महाराष्ट्र", वाघ, तलवार, हे हजारांनी पडलेलं आहे, तिथे आपला नंबर लागत नाही. त्यापेक्षा एक लहान घोळका पकडा ज्याचं बोलणं तुम्हाला आतून माहीत आहे. माझं सगळ्यात जास्त चाललेलं डिझाइन म्हणजे खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस आणि खाली "निघालोच!", बस. ज्याला मित्रांनी अर्धा तास कट्ट्यावर ताटकळत ठेवलंय तो हसतो आणि त्या मित्रालाच गिफ्ट देतो. दुसरं, एमपीएससीवाल्यांसाठी "यंदा नक्की", ते सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत एकाने घातलं आणि तिथूनच पुढच्या सहा ऑर्डरी आल्या.

पण त्या "यंदा नक्की"चा पहिला सॅम्पल बघून मी डोक्याला हात लावला होता. शर्टवर "नक्की"तला क्क फुटून क् आणि की वेगवेगळे छापलेले, चूक माझीच, स्क्रीनवर नीट बघितलंच नव्हतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मराठी लिहिताना टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते. इंकस्केप हे चित्रं-अक्षरं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात ही कटकट नाही. फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा (अक्षरं मग टाइप न राहता नुसते आकार होतात), म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट असो-नसो काही फरक पडत नाही.

फॉन्टवरून आठवलं, बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात, त्यात ल आणि श आपल्यासारखे येत नाहीत. आपल्याला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा. "निघालोच"मधला ल हिंदी वळणाचा आला की मराठी माणसाला काहीतरी खटकतं, काय ते त्याला सांगता येत नाही, पण तो शर्ट घेत नाही. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहे, फुकट आहे, आणि विकायच्या कामाला वापरायला परवानगी आहे. कुठलाही फॉन्ट घेताना त्याचं लायसन वाचाच.

फाइल पारदर्शक पीएनजी, ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके). छपाईची जागा १२ बाय १६ इंच असेल तर ३६०० बाय ४८०० पिक्सेल. काळ्या शर्टवर काळी अक्षरं टाकणारे लोक आहेत, मी पण त्यातलीच होते. सॅम्पल स्वतःच्या पैशाने मागवा, घाला, चार वेळा मशीनला लावा, मग विकायला काढा.

दुसऱ्याचं उचलू नका. सिनेमातले डायलॉग, आयपीएल टीमचे लोगो, पु.लं.ची वाक्यं, सगळं बंद. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, पु.ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत हात लावायचा नाही. तुकोबांच्या ओळी खुशाल घ्या.

आणि हे तर फारच महत्त्वाचं, बाजारवाल्या साइटवर एक डिझाइन टाकलं की ते कॉफीचा मग, उशी, बाथमॅट, मोजे सगळ्यावर चढू शकतं. गणपतीचं चित्र बाथमॅटवर गेलं तर काय होईल ते सांगायला नको. प्रत्येक वस्तू उघडून नको ती बंद करा.

आता हिशोब. समजा शर्ट आणि छपाई मिळून ३२०, कुरिअर ६०, तुम्ही विकला ५४९ला. उरले १६९, ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंट गेटवेचे १० एक गेले, हातात १५८ च्या आसपास. आता कॅश ऑन डिलिव्हरीवर एकाने पार्सल परत पाठवलं, तर ३२० अधिक येण्याजाण्याचे १२०, म्हणजे ४४० बुडाले, जवळपास तीन शर्टांची कमाई. म्हणून मी कॅश ऑन डिलिव्हरी बंदच करून टाकली, ऑर्डरी कमी झाल्या पण झोप लागते. आणि दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर किंवा ढोलपथकाने ५०-१०० शर्ट मागितले तर ते या साइटवर करू नका, गावातल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे निम्म्यात होतात, तुम्ही फक्त डिझाइनचे पैसे घ्या.

मर्चवर टॅक्सची माहिती भरताना पॅन द्या, म्हणजे अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात. ही कमाई आयटी रिटर्नमध्ये दाखवायची, आणि स्वतःचं दुकान काढणार असाल तर जीएसटीचं आधी सीएला विचारा, शेजारच्याला नको.

सणाचं डिझाइन सणाच्या दीड महिना आधी टाका. गणपती बसल्यावर गणपतीचा शर्ट टाकला तर तो छापून पोचेपर्यंत विसर्जन झालेलं असतं.