हजार-दोन हजारांच्या इयरफोनचा ट्रेबल कसा पारखावा

इंदूरला जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये दुकानदाराने कानात घालायला दिलेला इयरफोन पहिल्याच मिनिटाला ‘एकदम क्लिअर’ वाटला, तर जरा थांबा. स्वस्त इयरफोनमध्ये ट्रेबलचा, म्हणजे वरच्या बारीक सुरांचा, ६ ते ९ किलोहर्ट्झचा पट्टा बरेचदा चढवलेला असतो. बाहेर वाहनांचा गोंगाट चालू असताना हा चढ बरा वाटतो, शब्द उठून येतात. घरी तासभर ऐकले की त्याच ‘स’ने आणि झांजेने कान शिणतो. म्हणून ट्रेबलचा निवाडा दुकानात करू नये. तिथे फक्त दोन्ही बाजू वाजतात का, पिन घट्ट बसते का आणि इयरफोनची कानात जाणारी नळी दुखत नाही ना, एवढे पाहावे. आपले रबर (नळीवर बसणारी मऊ टोपी) आणि मेडिकलमधून घेतलेले स्पिरिट स्वॅब खिशात ठेवा. दुसऱ्याच्या कानातून आलेला इयरफोन तसाच घालू नका.

दोन इयरफोनची खरी तुलना घरी, रात्री. पंखा आणि कूलर दोन्ही बंद. कूलरची सूं-सूं वरच्या सुरांवरही पसरते आणि झांजेची शेपूट गिळून टाकते. माळव्याच्या रात्री गार असतात, उन्हाळ्यातही अर्धा तास कूलरविना निघतो.

सुरुवात रबरापासून. बहुतेक चुकीचे निकाल इथेच लागतात. रबर नीट बसले नाही की हवा गळते, हवा गळली की बेस, म्हणजे खालचे जाड सूर, जातो, आणि बेस गेला की उरलेला आवाज तीक्ष्ण वाटतो. इयरफोनचा दोष नसताना ‘याला ट्रेबल जास्त आहे’ असा शेरा बसतो. तपासायला ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि इयरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर सूर वाढला तर रबर छोटे आहे. दोन्ही कानांना वेगळे माप लागणे अगदी सामान्य आहे. इयरफोन घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. फोमचे रबर असेल तर चुरगाळून आत घाला आणि फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, धरून ठेवा. फोम ट्रेबल थोडा मऊ करतो. रुंद भोकाच्या सिलिकॉनने तो मोकळा राहतो, अरुंद भोकाने सहसा दबतो. म्हणून एकाला फोम आणि दुसऱ्याला सिलिकॉन लावून केलेली तुलना ही रबरांची तुलना असते. दोन्ही इयरफोनच्या नळ्या सारख्या जाडीच्या असतील तर तेच रबर काढून दोन्हींवर लावा.

मग आवाजाची पातळी. एक डेसिबलने मोठा वाजणारा इयरफोनही ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि तो मोठा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पातळी जुळवायला गाणे वापरू नका. बेस-ट्रेबल दोन्हींचे वेगळे असतात, कान फसतो. पुरुषाच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग लावा आणि आवाजाचा मधला, छातीतला भाग दोन्हींत सारखा होईपर्यंत जुळवा. फोनच्या बटणाची एक पायरी यासाठी फार मोठी पडते. पॉवरअँप इक्वलायझरसारख्या (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या) अ‍ॅपमध्ये प्री-अँप, म्हणजे एकूण आवाजाची पट्टी, अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने हलवा. पातळी कागदावर लिहून ठेवा. दोन्ही इयरफोन एकाच फोनला किंवा एकाच डोंगलला (फोनला इयरफोनची पिन जोडणारा छोटा तुकडा) लावा. शंका असेल तर ज्याचा ट्रेबल टोचतो असे वाटते, त्याचा आवाज आधी किंचित कमी करून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

फाइलही तपासा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचे कापलेले असते आणि झांज पाण्याखालून वाजल्यासारखी सळसळते. तो दोष इयरफोनच्या माथी मारू नये. स्पॉटिफायवर ‘व्हेरी हाय’ म्हणजे ३२० केबीपीएस निवडा आणि इक्वलायझरचा कुठलाही तयार सेट बंद ठेवा.

काय ऐकायचे? लता मंगेशकरांचा जन्म १९२९चा, याच इंदूरचा, तेव्हा हात आधी त्यांच्या गाण्यांकडे जाणार. पण १९५०च्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा पट्टा मर्यादित असतो, त्यामुळे ट्रेबलसाठी ती कामाची नाहीत. त्यांचा उपयोग दुसरा. तार सप्तकात आवाज ओरडल्यासारखा झाला तर गडबड ३ किलोहर्ट्झच्या आसपास आहे. कान २ ते ५ किलोहर्ट्झला सर्वात हळवा असतो. हा कर्कशपणा वेगळा आणि ‘स’चे टोचणे वेगळे. दोन्हींना ‘ट्रेबल’ म्हणून मोकळे झाले की उपाय चुकतो.

ट्रेबलसाठी पहिला तानपुरा. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ असतो, पण जवारीने झणकारणारी तार कित्येक पटींचे वरचे सूर सोडते आणि ते एकामागून एक उमलत जातात. इथल्या सानंद संस्थेच्या मैफिलीत पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना हे सांगायला नको. चांगल्या इयरफोनमध्ये हा पसारा सलग उतरतो. एखादाच सूर शिट्टीसारखा बाहेर आला, तर तिथे अरुंद उंचवटा आहे. सगळाच तानपुरा एक घुमणारा ‘आं’ झाला, तर ट्रेबल दबलेला आहे.

दुसरी भजनातली टाळ. तिला सूर असतो आणि वर चमक असते. नुसताच ‘चस्’ ऐकू आला आणि धातूचा सूर हरवला, तर ४-५ किलोहर्ट्झला खड्डा आणि ८च्या आसपास चढ, अशी जोडी असण्याची शक्यता मोठी. ठोक्यानंतरची शेपूट हळूहळू विरायला हवी.

तिसरी कसोटी मराठीच्या उच्चारांची, आणि ती सर्वात भरवशाची आहे. चहातला ‘च’ आणि चांदण्यातला ‘च’ वेगळे. पहिल्याची, तशीच ‘श’ची, घासर ३-४ किलोहर्ट्झच्या आसपास जास्त असते, तर चांदण्यातल्या ‘च’ची आणि ‘स’ची ५-६च्या वर जाते. अभिवाचनाचे स्वच्छ रेकॉर्डिंग लावा. दोन्ही ‘च’ एकसारखे वाटू लागले तर वरचा पट्टा कमी आहे. प्रत्येक ‘स’ शब्दाआधी सुईसारखा येत असेल तर जास्त आहे. आपल्याकडे हिंदीच्या सहवासाने काही घरांत हा भेद पुसट झाला आहे, म्हणून पुण्या-मुंबईकडचा निवेदक निवडा.

टोचते हे कळले, पण नेमके कुठे? टोन जनरेटर अ‍ॅपमध्ये ४ ते १० किलोहर्ट्झ हळूहळू सरकवा, आवाज अगदी लहान ठेवून. जिथे सूर एकदम उसळतो तो आकडा लिहा. आता इयरफोन मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत ढकलून पुन्हा फिरवा. उसळी जागा बदलून वर गेली, उदाहरणार्थ साडेसातवरून साडेआठला, तर ती कानाचा पडदा आणि इयरफोनची नळी यांच्यात अडकलेल्या हवेची आहे. रबर बदलून ती हलवता येते. उसळी जागची हललीच नाही, तर तो इयरफोनचा स्वभाव. इंटरनेटवरच्या इयरफोन-मोजणीच्या आलेखांत ८ किलोहर्ट्झजवळ दिसणारा टोकदार उंचवटा बरेचदा मोजणीच्या कृत्रिम कानाचाच असतो. तो पाहून खरेदी रद्द करू नका, आणि दोन वेगळ्या ठिकाणचे आलेख एकमेकांवर ठेवू नका. १५ किलोहर्ट्झ ऐकू येत नाही म्हणूनही इयरफोन परत करू नये. चाळिशीपुढे तो सूर ऐकू न येणे स्वाभाविक आहे.

काही बिघाड ट्रेबलच्या दोषासारखे भासतात. गायक गायब आणि वाद्ये पोकळ, तर ३.५ मिलिमीटरची पिन पूर्ण आत गेलेली नाही. सामाईक तार सुटली की दोन बाजूंतला फरक तेवढा वाजतो, आणि मधोमध असलेला आवाज नाहीसा होतो. सुट्या केबलच्या एकाच बाजूच्या दोन पिना उलट्या लागल्या, तर बेस पातळ होतो आणि गाणारा डोक्याच्या मध्यावर न येता पसरतो. एक बाजू हळूहळू मंद होत गेली, तर जाळीत मळ आहे. नळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी घालू नका, जाळी आत जाते.

उपाय शेवटी, आणि वजाबाकीचाच. उसळी ८ला असेल तर इक्वलायझरमध्ये ती पट्टी ३ डेसिबल खाली घ्या. आठवडाभर ऐका, मग हलवा. बेस चढवायचाच असेल तर जितका चढवाल तितका प्री-अँप खाली, नाहीतर आवाज फाटतो. अ‍ॅप नको असेल तर मायक्रोपोर पट्टी वापरा. कागदी, हवा जाऊ देणारी ही पट्टी नळीच्या जाळीवर आधी अर्धीच चिकटवा. पूर्ण झाकली तर ट्रेबलबरोबर आवाजाची धारही जाऊ शकते. दोन्ही बाजूंना तंतोतंत एकाच मापाचे तुकडे लावा, एका कानाला जरी मोठा लागला तर गाणारा कडेला सरकतो. घामाने आणि मळाने पट्टी बंद होते, तेव्हा ‘ट्रेबल कमी झाला’ असे वाटले की आधी ती बदला.