दगडातून बाहेर पडलेले तेल मोजताना

स्रोत खडकातून, म्हणजे ज्यात तेल तयार होते त्या खडकातून, खनिज तेल बाहेर कसे पडते, याचा प्रयोगशाळेत अभ्यास करायला आलेल्या नव्या विद्यार्थ्याला धाक वाटतो तो रिॲक्टरच्या तापमानाचा आणि दाबाचा. माझा अनुभव मात्र असा, की खरी कसोटी रिॲक्टर थंड झाल्यावर लागते.

आमची पद्धत हायड्रस पायरोलिसिसची. मायकेल लेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत खडकाचे तुकडे पाण्यासह बंद रिॲक्टरमध्ये बहुधा ३०० ते ३६५ अंश सेल्सिअसला ७२ तास तापवतात. निसर्गाला ज्या कामाला लाखो वर्षे लागतात, ते वाढीव तापमानाच्या जोरावर तीन दिवसांत उरकायचे असते. पण पाणी द्रवरूपच राहायला हवे, म्हणून ३७४ अंशांची मर्यादा ओलांडायची नाही.

पहिल्या खेपेला मी गुजरातमधल्या खंबात शेल या थरदार खडकाचा नमुना चक्क दळून टाकला. रॉक-इव्हॅलसाठी, म्हणजे खडक तापवून त्याची तेल देण्याची क्षमता मोजणाऱ्या चाचणीसाठी, भुकटीच लागते, त्या सवयीने हात तिकडे वळला. आकडे मिळाले, आलेखही देखणा निघाला, मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, "तेल कशातून बाहेर पडले?" भुकटीत ना थर उरतात, ना थरांना समांतर उघडणाऱ्या भेगा, आणि तेलाची वाट तर बरीचशी तीच. तेव्हापासून मी एक-दोन सेंटिमीटरचे तुकडेच वापरतो. प्रयोगानंतर त्यांच्या कडेला सुटलेले पापुद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

रिॲक्टर उघडताना आधी वायू मोजून काढून घ्यावा, मग पाण्यावरचा तपकिरी तवंग पिपेटने उचलावा आणि भिंतींना व तुकड्यांना चिकटलेले तेल टोल्युइन या विद्रावकाने धुऊन घ्यावे. खरी गोम इथेच आहे. धुणे लांबले, की दगडाच्या आतला विद्राव्य तेलकट भाग, म्हणजे बिटुमेनही, त्यात उतरतो आणि 'बाहेर पडलेले' तेल कागदावर फुगते. किती मिलिलिटर, किती सेकंद, हे आधीच वहीत लिहून प्रत्येक नमुन्याला तेच पाळावे. त्यानंतर तुकडे दळून सॉक्सलेटमध्ये, म्हणजे विद्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, डायक्लोरोमिथेनने जे निघते, ते आत अडकलेले बिटुमेन. बाहेरच्या तेलात संतृप्त हायड्रोकार्बन जास्त आणि आतल्या भागात रेझिन व अस्फाल्टीन हे जड घटक जास्त, असे चित्र सहसा दिसते. ते उलटे दिसले, तर आधी आपल्या धुण्यावर संशय घ्यावा.

विद्रावक उडवताना घाई नको. हलके घटक त्याच्यासोबत निघून जातात आणि ताळेबंदातली तूट उगाच वायूच्या माथी मारली जाते. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नयेत. जीसी-एमएसवर, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, १४९ वस्तुमानाचे ठसठशीत शिखर पाहून मी आठवडाभर हरखून गेलो होतो. ते थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारे रसायन निघाले, पिशवीतले.