मागच्या हौसिंगचं पिनियन सील: गॅरेजात नवीन लागलेल्यांसाठी

जुना ट्रक किंवा पिकअप ‘मागून ऑइल टाकतोय’ म्हणून आला की गाडीमालक एवढंच सांगतो, सील बदलून द्या. पिनियन सील म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट मागच्या हौसिंगला जिथे जोडतो तिथे ऑइल आत अडवणारी रिंग. सील स्वस्त असतं, बदलायलाही फार वेळ लागत नाही. पण पिनियन सील आपणहून क्वचित मरतं. त्याला मारणारं कारण दुसरीकडेच असतं. ते न शोधता टाकलेलं नवं सील महिन्याभरात पुन्हा गळतं आणि नाव मेकॅनिकचं खराब होतं.

आधी ऑइल कुठून येतंय ते ठरवा. हौसिंग डिझेल-ब्रशने धुऊन कोरडं पुसा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा आणि मग खाली जाऊन बघा. पिनियन सील गळत असेल तर फिरणारा फ्लँज (पिनियनच्या टोकावरची, शाफ्ट जोडायची चकती) ऑइल गोल फेकतो, त्यामुळे फ्लँजच्या बरोबर वर, बॉडीच्या खालच्या बाजूला ओला पट्टा उमटतो. वर काहीच उडालेलं नाही आणि कॅरिअरच्या (क्राउन आणि पिनियन हे गिअर धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांखालची कडा तेवढी ओली आहे, तर पॅकिंग गेलंय. ड्रमच्या आतून टायरवर ओघळ आला असेल तर ते हबचं सील. वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, ब्रेक ऑइल किंवा इंजिन ऑइलला तो येत नाही.

यानंतर ब्रीदर. हौसिंगच्या वरच्या अंगाला छोटी टोपी किंवा नळी असते, ती काढून फुंकून बघा. घाट चढताना ऑइल तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर तिला सीलच्या ओठाखेरीज वाट उरत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्याला चालणाऱ्या, ऊस ओढणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं. गाडी फिरून आल्यावर भरण्याचा प्लग हळूहळू सैल करताना फुस्स आवाज आला, तर ब्रीदर बंद आहे हे नक्की. कधी कधी ब्रीदर साफ करून लेव्हल नीट केली की गळती थांबते, सीलला हात लावावा लागत नाही. त्याच प्लगमधून लेव्हलही कळते: सपाट जागेवर ऑइल भोकाच्या खालच्या कडेला हवं. जास्त भरलेलं असलं तरी गळतं.

आता खोलण्याकडे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा, मागचा एक्सल घोडीवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो. प्रॉपेलर शाफ्ट सुटला की तो ब्रेक आणि गिअर दोन्ही निकामी होतात, गाडी फक्त गुटक्यांवर उभी असते.

शाफ्ट आणि फ्लँजवर पंचने समोरासमोर खूण करा, म्हणजे बॅलन्स बिघडणार नाही. बोल्ट काढल्यावर शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने चासिसला बांधा. याच वेळी जॉइंटचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग हलवून बघा. शाफ्ट थरथरत असेल तर सील टिकत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, आत-बाहेर ओढा. इथे जाणवण्याइतका खेळ अजिबात नको. गोल फिरवताना थोडं रिकामं हलतं, तो क्राउन-पिनियनच्या दात्यांमधला खेळ, तो असणारच. नवीन मुलं या दोन्हींत नेहमी घोळ घालतात. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग गेलेलं आहे किंवा नट सैल आहे. अशा वेळी मालकाला बोलावून त्याच्याच हाताने फ्लँज हलवायला लावा आणि कॅरिअर उतरवण्याचं बोला.

खेळ नसेल तर नट सोडण्याआधी पिनियनचा ताण, म्हणजे बेअरिंग दाबलेली असताना पिनियन फिरवायला लागणारा जोर, मोजा. एक्सल शाफ्ट हबच्या बाहेरून बोल्टने लावलेले असतील तर ते ओढून घ्या, म्हणजे चाकांचं आणि ब्रेकचं ओझं मापात येत नाही. हबखाली ट्रे ठेवा, थोडं ऑइल येतं. पिकअपमध्ये शाफ्ट असे निघत नसतील तर चाकं-ड्रम काढा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ताणकाट्याने सावकाश ओढा आणि तो फिरत असतानाचा आकडा घ्या. काटा २ किलो दाखवतो, दोरीपर्यंतची त्रिज्या ६ सेंमी आहे, तर ताण १२ किलो-सेंमी. हा आकडा खडूने तिथेच लिहा. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज या तिघांवर एका रेषेत खूण करा, नटाबाहेर किती आटे दिसतात तेही मोजा.

नटाची चेपलेली कॉलर सरळ करा किंवा स्प्लिट पिन काढा. फ्लँजला लांब पट्टी बोल्टने बांधून अडवा आणि मोठ्या सॉकेटला पाइप लावून नट सोडा. फ्लँज पुलरनेच काढा. हातोड्याने ठोकला तर मार बेअरिंगवर जातो आणि फ्लँजही वाकतो.

निघालेल्या फ्लँजचा गुळगुळीत गळा पुसून उजेडात धरा. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथे चकचकीत वर्तुळ पडतं. त्यावर नख फिरवा. नख अडलं तर खाच पडली आहे, नवं सील त्यावर बसणार नाही. फ्लँज बदला किंवा पातळ रिपेअर स्लीव्ह चढवा. नुसता डाग असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर गोल दिशेने फिरवा. उभा घासला की बारीक चरे पडतात आणि ऑइल त्यातूनच बाहेर येतं.

जुनं सील उचकटताना बसकीला, म्हणजे सील बसतं त्या जागेला, ओरखडा येऊ देऊ नका. नव्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे मिमीमध्ये असतात, ते जुन्याशी जुळवा. बाण असेल तर फिरण्याची दिशाही बघा. स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे. स्प्रिंगच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, नाहीतर ठोकताना स्प्रिंग उडते आणि बाहेरून कळतही नाही. सीलची बाहेरची कडा धातूची असेल तर सीलंटचा पातळ हात द्या, रबरी असेल तर नको. कडेएवढ्या रुंद पाइपने किंवा सपाट रिंगने चारही बाजूंनी सारखं ठोकत बसवा.

फ्लँजचा गळा ऑइलने ओला करून चढवा. स्प्लाइनवर (फ्लँज पिनियनवर अडकतो त्या उभ्या दात्यांवर), नटाच्या बाजूला, आणि वॉशरखाली थोडं आरटीव्ही सीलंट लावा. ऑइल स्प्लाइनच्या खाचांतूनही नटापर्यंत येतं. ते दिसलं की लोक चांगलं सील पुन्हा उपटतात.

नट आवळताना गाडीत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये कुठला स्पेसर (अंतर राखणारी नळी) आहे हे माहीत हवं. घट्ट स्पेसर किंवा शिम असेल तर मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. नट आवळताना चेपत जाणारा, दबणारा स्पेसर असेल तर टॉर्क रेंचवर विसंबू नका आणि इम्पॅक्ट गन तर लांबच ठेवा. नवा नट असेल तर जुनी खूण त्याच्यावर नसते, आटे मोजून जवळ या. मग थोडं आवळा, फ्लँज फिरवा, मोजा, पुन्हा थोडं आवळा. आधीच्या आकड्यापेक्षा ३.५ ते ६ किलो-सेंमी जास्त आला की थांबा. पिकअपच्या जुन्या बेअरिंगला एवढं पुरतं. आकडा फार पुढे गेला तर नट सैल करून भागत नाही. दबलेला स्पेसर परत फुगत नाही, नवा टाकावा लागतो आणि त्यासाठी पिनियन बाहेर काढावं लागतं. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढे न्या, मागे नाही.

ऑइल बदलायचं असेल तर भरण्याचा प्लग आधी सोडून बघा, मग खालचा. रिकामं केल्यावर वरचा प्लग गंजून अडकलाय असं कळलं तर गाडी तिथेच अडकते. चुंबकी प्लगवर राखाडी लेप चालतो, टोचणारे तुकडे चालत नाहीत. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी गेलंय. ऑइल जीएल-५ दर्जाचं घ्या. जाडी नव्वद नंबरची की एकशेचाळीस, हे मॅन्युअलवरून ठरवा. जुन्या गाडीत जाड ऑइल भरून गळती दाबण्याची सवय लावून घेऊ नका.

सीलंट वाळू द्या, मग गाडी रिकामीच दहा-बारा किलोमीटर चालवून पिनियनच्या नाकाला हात लावा. कोमट ते गरम ठीक. हात ठेवताच येत नसेल तर ताण जास्त झालाय. अॅक्सिलरेटर सोडल्यावर नवा घूं-घूं आवाज लागला तर पुन्हा नटाच्या ताणाकडे या. गाडी देण्याआधी वर बॉडीला उडालेलं जुनं ऑइल धुऊन टाका. ते नंतर ठिबकलं की मालक दुसऱ्याच दिवशी परत येतो.