काळ्या मातीवरचे घर खचू लागल्यास दुरुस्तीपूर्वी करावयाची तयारी

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील काळ्या मातीवर बांधलेल्या घराच्या भिंतीला तडा गेला की घरमालक बहुधा आधी गवंड्याला बोलावून तो सिमेंटने बुजवून घेतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच तडा त्याच जागी पुन्हा उघडतो. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते, त्यामुळे ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. घराच्या मध्याखालची माती फरशीच्या आडोशाने बऱ्यापैकी ओलसर राहते, कडेची मात्र एप्रिल-मे महिन्यांत वाळून बसते. त्यामुळे कोपरे खाली जातात आणि पावसाळ्यात पुन्हा उचलले जातात. म्हणूनच घराची ही वर-खाली होणारी चाल समजून घेण्याआधी पायाला हात लावू नये, आणि तडेही बुजवू नयेत.

प्रथम सर्व भिंती आतून-बाहेरून पाहून कोणते तडे पायाचे आहेत आणि कोणते नाहीत, हे वेगळे करावे. गिलाव्यावरच्या केसासारख्या जाळीदार भेगा गिलावा वाळताना पडतात आणि बीमखाली विटांच्या वरच्या थराला लागून जाणारी सरळ आडवी भेग बहुधा वीट व काँक्रीट यांच्या जोडाची असते. त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका जाणारा, आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसणारा तडा मात्र पायाचा असण्याची शक्यता मोठी असते. असा तडा वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर भिंतीचे टोक खाली गेले आहे, आणि खाली रुंद असेल तर मधला भाग बसला आहे, असा सर्वसाधारण अंदाज बांधता येतो. भिंत जागेवर असून फक्त फरशी खाली गेली असेल आणि स्कर्टिंगखाली फट दिसत असेल, तर दोष बहुधा जोत्यातल्या नीट न दाबलेल्या भरावाचा असतो. त्यासाठी पाया उकरण्याचा खर्च करणे व्यर्थ आहे.

त्यानंतर नोंदवही सुरू करावी. प्रत्येक तड्याला क्रमांक द्यावा, त्याच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी आणि मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र घ्यावे. तड्यावर काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत आहे. ती पट्टी फुटली म्हणजे तडा हलतो आहे इतके कळते, पण किती हलला ते कळत नाही. त्यापेक्षा गिलावा काढून तड्याच्या दोन्ही बाजूंच्या विटांत एकेक स्टीलचा स्क्रू घट्ट बसवावा आणि दोन्हींमधले अंतर दर महिन्याला व्हर्निअर कॅलिपरने मोजावे. जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर एकाच पातळीची खूण करून ठेवावी आणि पारदर्शक नळीत पाणी भरून ती अधूनमधून तपासावी. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, हे विसरू नये. ही मापे निदान एका उन्हाळ्याची आणि एका पावसाळ्याची असावीत. मे महिन्यात उघडणारा आणि सप्टेंबरमध्ये मिटणारा तडा मातीच्या आकसण्या-फुगण्याचा असतो, तर कोणत्याही ऋतूत मागे न येता रुंदावत जाणारा तडा पाया सतत खचत असल्याचे दाखवतो. मात्र तडा दिवसागणिक वाढत असेल, कॉलममधील सळया उघड्या पडल्या असतील, भिंत ओळंब्याबाहेर झुकली असेल किंवा स्लॅबचा टेकलेला भाग सरकलेला दिसत असेल, तर एक दिवसही वाट पाहू नये. घर रिकामे करावे आणि अभियंत्याच्या सल्ल्याने टेकू द्यावेत.

नोंदी चालू असतानाच पाण्याचा बंदोबस्त हाती घ्यावा, कारण अनेक घरांचे खचणे एवढ्यानेच आटोक्यात येते आणि त्याचा खर्चही तुलनेने कमी असतो. पावसाचे पाणी गच्चीवरून थेट पायाशी पडते का, नळाची जमिनीखालची पाइप गळते का, सांडपाण्याचा चेंबर फुटला आहे का आणि शोषखड्डा भिंतीला खेटून तर नाही ना, हे एकेक करून तपासावे. घराभोवती मीटर-दीड मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला पक्का पट्टा करून घ्यावा. भिंतीलगत वड, पिंपळ, उंबर किंवा निलगिरी असेल तर उन्हाळ्यात त्याची मुळे पायाखालची ओल ओढतात. तरीही जुने मोठे झाड एकदम तोडू नये, कारण मग तीच माती ओल धरून फुगते आणि भिंत उचलली जाऊ शकते.

याउपर घर स्थिरावले नाही तरच पायाच्या कामाची तयारी करावी. त्यासाठी मृदा चाचणी टाळू नये. मुक्त फुगवणीच्या चाचणीत भट्टीत वाळवलेली, चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओततात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोन्ही पात्रांतील घनफळाच्या फरकावरून फुगवण काढता येते. तो निर्देशांक १०० टक्क्यांच्या वर गेला तर माती धोकादायक मानावी. चाचणीसाठी पायाशेजारी घेतलेल्या खड्ड्यात सध्याचा पाया किती खोल आहे आणि मुरूम किंवा खडक किती खाली लागतो, हेही मोजून घ्यावे. काळ्या मातीचा थर उथळ असेल तर पाया थेट मुरमापर्यंत नेता येतो. थर खोल असेल तर तळाशी फुगीर घुमट असलेल्या अंडर-रीम्ड पाइल्सचा (जमिनीत खोलवर ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) पर्याय अभियंत्याशी बोलावा. अशा मातीत त्यांची लांबी भारतीय मानकानुसार किमान ३.५ मीटर असते.

प्रत्यक्ष काम पाऊस ओसरून जमीन वाफशावर आल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठरवावे. भिंतीखालची माती एका वेळी मीटर-सव्वा मीटर लांबीच्या टप्प्यातच काढायची असते आणि शेजारचे टप्पे एकदम उघडायचे नसतात. नवे काँक्रीट पुरेसे घट्ट झाल्यावर ते आणि जुना पाया यांच्यातील फट कोरडसर सिमेंट-वाळू ठोकून भरावी लागते; ही फट नीट भरली नाही तर भिंत पुन्हा बसते. टप्प्यांचा हा क्रम कंत्राटात लेखी असावा, प्रत्येक खड्ड्याचे काँक्रीट ओतण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि बिलाचा काही भाग पुढचा पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी. तडे शिवणे, गिलावा आणि रंग हे स्क्रूंमधील अंतर त्या पावसाळ्यानंतरही कायम राहिल्याचे नोंदवहीत दिसल्यावरच करावे.