मदरबोर्डचे सेन्सर आणि लिनक्सचे ड्रायव्हर: या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाचा रात्री अकराला मेसेज आला, "दादा, एसएमपीएस गेला वाटतं, १२ व्होल्टच्या जागी १.०१ दाखवतंय, उद्या नवीन घेऊन येतो." सोबत टर्मिनलचा फोटो, त्यात लिनक्सच्या सेन्सर्स कमांडने दाखवलेले आकडे. आणि ज्या पीसीचा फोटो होता त्याच पीसीवर तासाभरापूर्वी तो आरामात गेम खेळत होता. मी म्हटलं थांब जरा, १२ व्होल्टच्या लाइनवर खरंच एक व्होल्ट असता तर मशीन सुरूच झालं नसतं.

आकडा चुकीचा नव्हता, अर्धवट होता. बोर्डवर सुपर आयओ नावाची एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा नुव्होटॉनची किंवा आयटीईची, आणि व्होल्टेज, फॅनचा स्पीड, बोर्डचं तापमान हे सगळं तीच मोजते. आता नुव्होटॉनच्या या चिपला साधारण दोन व्होल्टपर्यंतच मोजता येतं, म्हणून बोर्ड बनवणारे १२ व्होल्टची लाइन दोन रेझिस्टरमधून कमी करून चिपला देतात. किती पटीने कमी केली हे ज्याने बोर्ड डिझाइन केला त्यालाच ठाऊक. लिनक्सच्या ड्रायव्हरला चिप माहीत असते, बोर्ड माहीत नसतो. हे एक वाक्य डोक्यात ठेवा, कारण खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात.

भावाच्या बोर्डवर ती पट १२ निघाली. कशी काढली, तर बायोसमध्ये जाऊन हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर १२ व्होल्टच्या समोरचा आकडा बघितला आणि लिनक्समधल्या आकड्याने भागला. मग ईटीसीमधल्या सेन्सर्स.डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल केली, त्यात चिपचं नाव, खाली लेबलची ओळ, खाली कम्प्युटची ओळ, ज्यात वाचताना गुणिले १२ आणि लिहिताना भागिले १२ असं दोन्ही सांगावं लागतं. झालं, १२.१० दिसायला लागलं. मग त्याची पुढची शंका, की आकडा सरकत नाही, १२.०० वरून एकदम १२.१० वर उडी मारतो, लाइन हलतेय का. नाही हो. चिप ८ मिलिव्होल्टच्या पायरीने मोजते, त्याला १२ ने गुणलं की ९६ मिलिव्होल्ट होतात, म्हणजे जवळजवळ ०.१ व्होल्टची एक पायरी. त्यापेक्षा बारीक हवं असेल तर मल्टिमीटर लावा. आणि दुसऱ्याची कॉन्फिग फाइल नेटवरून उचलून तशीच टाकू नका, बोर्ड बदलला की पट बदलते, लाइनीचा क्रमही बदलतो.

सेन्सर्सच्या त्याच यादीत लाल अक्षरात अलार्म लिहिलेलं बघूनही लोक घाबरतात. आधी शेजारची मिनिमम आणि मॅक्सिमम बघा, बऱ्याचदा दोन्ही शून्य असतात, कुणी भरलेलीच नसतात, आणि शून्याच्या वर काहीही गेलं की चिप बोंब मारणारच. इन्ट्रुजनचा अलार्म म्हणजे कधीतरी कॅबिनेट उघडल्याची नोंद, ती आपण पुसेपर्यंत तशीच राहते, आणि स्विचची वायरच जोडलेली नसेल तरीसुद्धा दिसू शकते.

सेन्सर्स-डिटेक्ट चालवताना

बोर्डवर कुठली सेन्सर चिप आहे आणि तिला कुठला ड्रायव्हर लागतो हे शोधणारी ही स्क्रिप्ट एकामागून एक प्रश्न विचारते आणि लोक सगळ्याला यस यस करत सुटतात. तसं करू नका. ज्या उत्तराची अक्षरं मोठी आहेत ते डिफॉल्ट, तेच राहू द्या, एन्टर मारा. यामागे कारण आहे. २००० च्या आसपास आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये एक ईईप्रॉम (डेटा साठवणारी छोटी मेमरी चिप) होती, सेन्सर शोधताना आयटूसी बसवर, म्हणजे बोर्डवरच्या चिपा ज्या वायरींवरून बोलतात तिथे, जी चाचपणी व्हायची तिने त्या ईईप्रॉममधला डेटाच बिघडायचा आणि लॅपटॉप पुढे सुरूच व्हायचा नाही. नंतर त्यावर बंदोबस्त झाला, पण बसवर अंधारात हात घालणं हे मुळात जोखमीचंच काम आहे, त्यामुळे जिथे स्क्रिप्ट स्वतःहून नो सुचवते तिथे नोच.

फक्त शेवटचा एक प्रश्न याला अपवाद. डेबियन, उबुंटूवर अगदी शेवटी ती विचारते की सापडलेले ड्रायव्हर मॉड्यूल्सच्या फाइलमध्ये (पीसी सुरू होताना काय लोड करायचं त्याची यादी) लिहू का, आणि तिथे डिफॉल्ट नो आहे. एन्टरच्या ओघात इथेही एन्टर बसतो, त्या दिवशी हाताने लोड करून सगळं छान दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी पीसी चालू केला की फॅनही नाही नि व्होल्टेजही नाही. "काल चालत होतं, आज गेलं" अशी तक्रार घेऊन आलेल्याला मी सगळ्यात आधी हेच विचारतो. इथे यस लिहा, किंवा मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये ड्रायव्हरचं नाव स्वतः टाका.

ड्रायव्हर लोडच होत नाही

इथे घाई करू नका, एरर नीट वाचा, कारण प्रत्येक एररचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

"नो सच डिव्हाइस" आलं म्हणजे ड्रायव्हरने बघितलं आणि त्याला ओळखीची चिप दिसली नाही. एक तर तुम्ही चुकीचा ड्रायव्हर लोड करताय, नुव्होटॉनच्या बोर्डवर आयटी८७ हा आयटीईचा ड्रायव्हर लावून उपयोग नाही, किंवा चिप नवीन आहे. सेन्सर्स-डिटेक्टने चिप सापडली पण ड्रायव्हरच्या जागी "टू बी रिटन" असं लिहिलं असेल तर तिचा आयडी नंबर टिपून घ्या आणि त्या नंबराने शोधा, बोर्डच्या नावाने नाही. काही नवीन आयटीई चिपांसाठी कर्नलच्या बाहेर ठेवलेला आयटी८७ घ्यावा लागतो. काही जण फोर्स-आयडी देऊन ड्रायव्हरला सांगतात की ही तुझ्या ओळखीची जुनी चिप आहे असं समज. वाचायला कधीकधी चालून जातं, पण रजिस्टर (चिपमधले आकडे ठेवायचे कप्पे) वेगळ्या जागी असतील तर तुम्ही फॅन कमी करायला जाल आणि लिहिलं जाईल भलतीकडेच. माझं स्पष्ट मत आहे, फोर्स-आयडी लावून फॅन कंट्रोल करू नये.

"डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" ही वेगळी गोष्ट. चिप सापडली, पण तिचे पोर्ट (तिच्याशी बोलायचे पत्ते) बायोसच्या एसीपीआय कोडने, म्हणजे हार्डवेअर सांभाळायला बायोसने दिलेल्या कोडने, आपल्या नावावर सांगून ठेवलेत आणि कर्नल म्हणतो दोघांना एकदम हात लावू देणार नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, रिसोर्स कॉन्फ्लिक्ट असं स्वच्छ लिहिलेलं असतं. यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो, कर्नलच्या ओळीत एसीपीआय_एनफोर्स_रिसोर्सेस=लॅक्स टाका. टाकलं की चालतं हे खरं, पण ते कुलूप कशासाठी होतं ते समजून घ्या. नुव्होटॉनच्या चिपमध्ये रजिस्टरच्या बँका असतात, आधी बँक निवडायची मग वाचायचं. ड्रायव्हरने बँक निवडली आणि वाचायच्या आत बायोसच्या कोडने येऊन बँक बदलली, तर ड्रायव्हर दुसऱ्याच बँकेतलं वाचतो. वाचण्यापुरतं असेल तर एखादा वेडा आकडा दिसेल, लिहिताना झालं तर फॅनच्या सेटिंगमध्ये भलताच आकडा जाऊन बसेल.

म्हणून लॅक्स हा शेवटचा उपाय. आधी बघा की तुमच्या बोर्डसाठी सरळ रस्ता आहे का. असूसच्या बऱ्याच बोर्डांवर कर्नल ५.१७ पासून नुव्होटॉनचा ड्रायव्हर बोर्डच्याच डब्ल्यूएमआय वाटेने (बायोसच्याच कोडमार्फत) चिपशी बोलतो, असूस-ईसी-सेन्सर्स हा ड्रायव्हर ५.१८ मध्ये आला, गिगाबाइटसाठी गिगाबाइट-डब्ल्यूएमआय ५.१३ मध्ये, त्यात तापमानं मिळतात. नुसता कर्नल अपडेट करून काम होणार असेल तर कुलूप तोडायचं कशाला. आयटी८७ ला नवीन कर्नलमध्ये स्वतःपुरता इग्नोर-रिसोर्स-कॉन्फ्लिक्ट हा पर्याय आहे, अगदी अडलंच तर तो वापरा, निदान बाकीच्या ड्रायव्हरांचं कुलूप तरी शाबूत राहतं.

तिसरी एरर, "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू आहे आणि बाहेरून बिल्ड केलेल्या मॉड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरवर, सही नाही. एमओकेची चावी, म्हणजे सही तपासायची तुमची स्वतःची चावी, एनरोल करा, मॉड्यूल साइन करा, डीकेएमएस या टूलने बसवा म्हणजे कर्नल बदलला की आपोआप परत बिल्ड होईल. सिक्युअर बूट चालू असताना बऱ्याच डिस्ट्रो कर्नल लॉकडाउनही लावतात, म्हणजे प्रोग्रॅमना हार्डवेअरला थेट हात लावू देत नाहीत, मग सेन्सर्स-डिटेक्टला पोर्ट उघडताच येत नाहीत आणि सुपर आयओ चिप नाहीच असं वाटतं. तेव्हा स्क्रिप्टवर न थांबता एनसीटी६७७५ हा नुव्होटॉनचा ड्रायव्हर सरळ लोड करून डीमेसेज बघा, चिप असली तर तो नावासकट सांगतो. आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून मदरबोर्डचे सेन्सर शोधत असाल तर तिथे सहसा काही मिळणार नाही, खालच्या खऱ्या मशीनवर बघा.

तापमान विचित्र दिसतंय

ऑक्स-टिनच्या (चिपच्या जादा तापमान-इनपुटच्या) समोर १२७ अंश किंवा उणे १२८, किंवा काहीतरी मधलंच: तो पाय कुठेही जोडलेला नाही, हवेत लटकतोय. कॉन्फिगमध्ये इग्नोर लिहा आणि विसरून जा. ते कमी करायला थर्मल पेस्ट बदलू नका, बदललेले लोक मी बघितलेत.

एसीपीआयटीझेड, म्हणजे बायोसच्या एसीपीआयकडून येणारं तापमान, मात्र जास्त फसवं, कारण ते शांत दिसतं. बऱ्याच डेस्कटॉपवर तिथे २७.८ किंवा १६.८ असा आकडा दिवसरात्र तसाच असतो. आमच्या नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना, बिनकूलरच्या खोलीत, कॅबिनेटच्या आत १६.८ अंश कुठून येणार? बायोसमध्ये कुणीतरी एक ठरावीक आकडा लिहून ठेवलाय, बस. याच्यावर फॅन चालवला तर फॅन कधीच वाढणार नाही.

प्रोसेसरचं तापमान सुपर आयओकडून नाही, प्रोसेसरच्या स्वतःच्या सेन्सरवरून घ्या, इंटेलला कोअरटेम्प, एएमडीला के१०टेम्प. यातही एक मेख आहे. रायझन १८००एक्स, १७००एक्स वगैरेंमध्ये टी-कंट्रोल हा आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंश जास्त ठेवलेला, २७००एक्समध्ये १० अंश. तो फॅनसाठी आहे. खरं बघायचं तर टी-डायची ओळ. इंटेलमध्ये सेन्सर मुळात कमाल मर्यादेपासून आपण किती लांब आहोत ते मोजतो, त्यामुळे वरच्या टोकाला भरवशाचा, खाली ३० च्या आसपास आला की दोन कोअरमध्ये चार-पाच अंशांचा फरक दिसला तरी डोकं खाऊ नका. बायोसमधल्या आकड्याशी तुलना करतानाही लक्षात ठेवा, बायोसमध्ये प्रोसेसर नीट आराम करत नाही, तिथे तो लिनक्समधल्या रिकाम्या वेळेपेक्षा गरमच दिसतो.

एचडब्ल्यूमॉनचा नंबर कायमचा नसतो

ही चूक मी स्वतः केली आणि याबद्दल मला मनापासून सांगायचंय. लिनक्स प्रत्येक सेन्सर ड्रायव्हरला एचडब्ल्यूमॉन० , एचडब्ल्यूमॉन१ असं नंबराचं फोल्डर देतं. घरच्या सर्व्हरवर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, एचडब्ल्यूमॉन२ मधून प्रोसेसरचं तापमान वाचायचं आणि त्याप्रमाणे फॅन वाढवायचा. वर्षभर छान चालली. मग एक एनव्हीएमई ड्राइव्ह लावली. कर्नल ५.५ पासून एनव्हीएमईचं तापमानही एचडब्ल्यूमॉनमध्ये येतं, हे मला माहीत होतं पण सुचलं नाही. रीबूटनंतर क्रम सरकला, एचडब्ल्यूमॉन२ म्हणजे आता ती ड्राइव्ह. ड्राइव्ह ४२ वर, स्क्रिप्ट समाधानी, फॅन संथ, आणि शेजारी प्रोसेसर व्हिडिओ कन्व्हर्ट करत ९५ ला टेकलेला. कॅबिनेटला हात लागला तेव्हा चटका बसला, म्हणून कळलं.

हे नंबर ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतात तसे मिळतात. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये नंबर कधीच लिहू नका. प्रत्येक एचडब्ल्यूमॉन फोल्डरमध्ये नेम नावाची फाइल असते, ती वाचा, के१०टेम्प सापडला की तोच घ्या, आणि सापडलाच नाही तर फॅन फुल करा. आकडा मिळाला नाही म्हणजे सगळं थंड आहे असं स्क्रिप्टने धरता कामा नये. तिथला आकडा मिलिअंशात असतो हेही बघा, ४२००० म्हणजे ४२ अंश. तापमानाप्रमाणे फॅन चालवणाऱ्या फॅनकंट्रोल या तयार स्क्रिप्टने कॉन्फिगरेशन जुनं झालंय म्हणत सुरू व्हायला नकार दिला तर तो तुमच्या भल्यासाठीच अडलाय, तपासणीची ओळ उडवू नका, त्याचं कॉन्फिगरेशन बनवणारं पीडब्ल्यूएमकॉन्फिग परत चालवा.

फॅन हातात घेण्याआधी

पीडब्ल्यूएमकॉन्फिग कुठला फॅन कुठल्या आउटपुटवर आहे हे शोधायला प्रत्येक फॅन थोडा वेळ थांबवून बघतो. हे काम लोड चालू असताना करू नका, आणि लिक्विड कूलरचा पंप त्याच हेडरवर असेल तर तो हेडर यातून वगळा.

पीडब्ल्यूएम१-इनेबल या एचडब्ल्यूमॉन फोल्डरमधल्या फाइलमध्ये १ लिहिलं की कंट्रोल तुमच्या हातात आला, बोर्डने हात काढून घेतला. त्यानंतर तुमचा प्रोग्रॅम मेला तर फॅन शेवटच्या स्पीडलाच अडकून राहतो. म्हणून आधी तिथे काय होतं ते कागदावर लिहून ठेवा, नुव्होटॉनवर बायोसचा कर्व्ह चालू असेल तर सहसा ५ असतं, आणि बंद करताना तेच परत लिहा. ० म्हणजे फॅन बंद असं समजू नका, ० म्हणजे कंट्रोल नाही, फॅन फुल. तीन पिनचा फॅन पीडब्ल्यूएम मोडवर (चौथ्या पिनच्या सिग्नलने स्पीड ठरवणं) लावला तर तो फुल स्पीडलाच फिरत राहतो, त्याला पीडब्ल्यूएम१-मोड या वेगळ्या फाइलमध्ये ० म्हणजे डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून स्पीड ठरवणं) लागतो. स्प्लिटरवर दोन फॅन असतील तर स्पीडची वायर एकाचीच येते, दुसरा धुळीने जाम झाला तरी स्क्रीनवर सगळं ठीक दिसेल, तेव्हा अधूनमधून डोळ्यांनी बघा.

विंडोजवाल्यांसाठी थोडंसं. मार्च २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर विनरिंगझीरो हा ड्रायव्हर (सेन्सरची बरीच सॉफ्टवेअर हार्डवेअरपर्यंत पोचायला तो वापरत) धोकादायक म्हणून पकडायला लागलं आणि फॅन कंट्रोलची बरीच सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडली. त्या ड्रायव्हरमधली खोट २०२० पासून नोंदवलेली आहे, साध्या प्रोग्रॅमलाही त्यातून थेट मेमरी आणि पोर्टपर्यंत पोचता येतं. त्याला एक्सक्लुजनमध्ये टाकून गप्प बसवू नका, त्याऐवजी पॉनआयओ या ड्रायव्हरवर गेलेली नवीन आवृत्ती घ्या. आणि दोन-तीन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर एकदम चालू ठेवू नका, वरचा बँकांचा गोंधळ तिथेही होऊ शकतो.

लिनक्सवर शेवटची एक तपासणी राहते, सस्पेंडची. पीसी झोपवून उठवला की काही बोर्डांवर चिप परत बायोसच्या सेटिंगवर जाते, किंवा फॅन एकदम फुल होतात आणि आपली स्क्रिप्ट मात्र सगळं पूर्वीसारखंच आहे असं धरून बसते. सगळं सेट झाल्यावर एकदा मुद्दाम सस्पेंड करा, उठवा, आणि पीडब्ल्यूएम१-इनेबल वाचा. आकडा बदललेला असेल तर उठल्यानंतर फॅनकंट्रोल रीस्टार्ट करणारी सर्व्हिस सिस्टमडीमध्ये टाका.